मोटार कोणाची?

आमच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रकृतिमान, मुलांचें शिक्षण आणि घराची डागडुजी यांविषयींचे प्रश्न बहुधा अधिक असतात. या खेपेस मात्र सोलापुरांतल्याच एका एकत्र कुटुंबाकडून निराळ्या विषयावरचें पत्र आलें आहे. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. थोरल्या काकांच्या गुडघ्यांनीं उचल खाल्ल्यामुळें त्यांस रिक्षांत चढणें-उतरणें कठीण होत चाललें आहे. धाकट्या सुनेची शाळा होटगी रस्त्याला. आणि वर्षांतून दोनतीनदां तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट हें होतेंच. तेव्हां दसऱ्याच्या मुहूर्तावर मोटार घ्यावी असें सर्वानुमतें ठरलें; परंतु ठरलें तें तेवढेंच. नवी घ्यावी कीं जुनी, विजापूरकडे स्वस्त मिळते ती आणावी कीं कसें, अमेरिकेंतला पुतण्या आपली मोटार जहाजानें पाठवितों म्हणतो त्यास काय कळवावें, विमा कोणता उतरावा, आणि मुख्य म्हणजे मोटार कोणाच्या नांवानें घ्यावी, या प्रश्नांवर तिघां भावांचीं चार मतें झालीं आहेत. पत्र लिहिणाऱ्या वहिनी शेवटीं म्हणतात, "मोटार दारांत येण्यापूर्वींच घरांत तट पडणार असतील, तर ती यावीच कशाला?"

वहिनींच्या या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मोटारीच्या यंत्रांतलें मला कांहीं कळत नाहीं; तिच्या कागदांतलें मात्र कळतें, आणि तें ज्ञान आमच्या घरास फार महाग पडलेलें आहे. ती हकीकत योग्य स्थळीं सांगेनच. आरंभ पैशांपासून करूं.

दुकानांत विक्रेता जी किंमत सांगतो तिच्यांत वस्तु व सेवा कर धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराची रचना बदलली. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलचें इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, अगर डिझेलचें १५०० पर्यंत असलेल्या लहान मोटारींवर १८ टक्के, त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ५ टक्के अशी विभागणी झाली. यावरून मोटार दोन-चार बोटें लांब असली म्हणजे खिशाला किती मोठें भोंक पडतें हें ध्यानांत येईल. अकरा माणसांच्या घराला सगळीं माणसें एकाच गाडींत बसलीं पाहिजेत असा मोह होतो. पण सगळीं माणसें एकाच वेळीं वर्षांतून कितीदां निघतात, याचा हिशेब आधीं बोटांवर करावा. दोन दिवसांच्या यात्रेसाठीं भाड्याची मोठी गाडी करणें आणि उरलेल्या तीनशें त्रेसष्ट दिवसांसाठीं लहान गाडी बाळगणें यांतच शहाणपण आहे.

दुकानांतील किंमतीवर दुसरा बोजा राज्याच्या एकरकमी कराचा. महाराष्ट्रांत २०२५ च्या जुलैंतील दरांप्रमाणें व्यक्तीच्या नांवें घेतलेल्या पेट्रोलच्या मोटारीस दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांस १२ टक्के आणि त्यापुढें १३ टक्के कर पडतो. डिझेलला हेच आंकडे १३, १४ व १५ असे आहेत. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर अठ्ठ्याऐंशीं हजार रुपये झाले. येथें एक पायरी आहे, तिच्यावर पुष्कळांचा पाय घसरतो. नऊ लाख नव्वद हजारांच्या गाडीला कर १,०८,९०० रुपये. दहा लाख दहा हजारांच्या गाडीला १,२१,२०० रुपये. म्हणजे वीस हजारांच्या शोभेच्या वस्तूंसाठीं करच १२,३०० रुपयांनीं वाढला. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला विक्रेता एक टक्का प्राप्तिकर आगाऊ कापून घेतो. तो विवरणपत्रांत वळता होतो खरा, परंतु हातचा पैसा तूर्त जातोच. घरांत व्यवसाय असल्यास 'गाडी कंपनीच्या नांवें दाखवूं, खर्च वळता करूं' असा सल्ला मिळतो. तो ऐकण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें कीं, कंपनीच्या नांवच्या मोटारीस हाच कर सरसकट २० टक्के आहे. आठ लाखांच्या गाडीला एक लाख साठ हजार. प्राप्तिकरांत वांचेल तें येथें आधींच गेलें कीं नाहीं, याची बेरीज-वजाबाकी हिशेबनीसाकडून करवून घ्यावी.

ज्यांची नोकरी बदलीची आहे, म्हणजे सैन्यांत, सरकारांत, किंवा चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपनींत, त्यांच्यासाठीं २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा क्रमांक निघाला आहे. त्यांत कर दोन-दोन वर्षांचा भरावयाचा असतो आणि राज्य बदललें तरी क्रमांक बदलावा लागत नाहीं. बँकेंतल्या मुलाची दर तीन वर्षांनीं बदली होत असेल तर याचा विचार अवश्य करावा. जो सोलापूर सोडून कोठें जाणार नाहीं त्यानें या वाटेस जाऊं नये.

आतां अमेरिकेच्या पुतण्याविषयीं. त्याचें प्रेम खरें आहे. पण त्यास प्रेमानेंच नको म्हणून कळवावें. परदेशांत वापरलेली मोटार आपल्या देशांत आणावयाची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचें सुकाणूं उजव्या बाजूस असावें, दिवे डाव्या बाजूनें चालणाऱ्या रहदारीस योग्य असावेत, वेगमापक किलोमीटरमध्यें असावा, ती मुंबईच्याच बंदरांत उतरावी आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेकडून तिची तपासणी व्हावी, असे दंडक आहेत. अमेरिकेंतल्या गाडीचें सुकाणूं डाव्या हाताला; तेव्हां ती पहिल्याच दारांत अडली. विलायतेंतला पुतण्या असता तर सुकाणूं जुळलें असतें, पण पैसा जुळला नसता. २०२५ च्या अर्थसंकल्पांत मोटारीवरचें मूळ आयातशुल्क ७० टक्के होतें. त्यावर इतर आकार, त्या सर्वांवर वस्तु व सेवा कर, आणि आपल्या राज्यांत आल्यावर आयात मोटारीस २० टक्के एकरकमी कर. मूळ किंमतीची दुप्पट बंदरांतच ओलांडली जाते, आणि एवढें करून सुटा भाग मिळण्यासाठीं वाट पाहावी लागते ती निराळीच. पुतण्यानें ती गाडी तेथेंच विकून काकांच्या गुडघ्यांसाठीं पैसे पाठविले तर त्याचें प्रेम अधिक लवकर पोंचेल.

आयातीवरचा हा पहारा आजचा नाहीं, आणि सोलापूरकरांस त्यांत थोडा घरगुती रस वाटण्यास जागा आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांतला. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार करून कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. पुढें तेथेंच इटलीच्या फियाटच्या नमुन्याची गाडी होऊं लागली, आणि तीच आमच्या पिढीस 'पद्मिनी' या नांवानें ठाऊक आहे. देशांत कारखाने उभे राहावेत म्हणून परदेशी गाडीस कराची भिंत घालावयाची, हें धोरण स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ चाललें. गाड्या थोड्या आणि घेणारे फार. नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची लहान गाडी बाहेर पडेपर्यंत मध्यम स्थितींतील गृहस्थाला मोटार म्हणजे स्वप्नच होतें. गाडी मिळाली हेंच भाग्य. 'आधीं ताबा घ्या, कागद मागाहून पाहूं' ही आपल्याकडची संवय त्याच काळांत मुरली असावी असें मला वाटतें. गाड्यांची टंचाई गेली. संवय मात्र राहिली.

तिसरा प्रश्न जुन्या गाडीचा. आपलें शहर सीमेवरचें. आपल्या गाड्या एमएच १३ च्या, आणि शंभर किलोमीटरांवर विजापूर, केए २८. तिकडची गाडी चार पैसे स्वस्त दिसते खरी. परंतु त्या स्वस्ताईंत आपल्या राज्याचा कर धरलेला नसतो. दुसऱ्या राज्यांतली मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवावयाची तर नवा क्रमांक घेतलाच पाहिजे, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. त्यासाठीं तिकडच्या परिवहन कचेरीचा ना-हरकत दाखला, म्हणजे अठ्ठावीस क्रमांकाचा नमुना, लागतो. येथें गाडीच्या वयाप्रमाणें कर भरावा लागतो. आणि तिकडे भरलेल्या कराचा उरलेला अंश परत मागावा लागतो तो गाडीच्या मालकानें, तिकडच्या कचेरींत. हा सर्व खर्च आणि खेपा किंमतींत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावें. ना-हरकत दाखला हातीं येण्यापूर्वीं पूर्ण रक्कम कोणासही देऊं नये.

जुन्या गाडीच्या परीक्षेविषयीं आमच्या शास्त्रीबुवांनीं शिकविलेला स्थालीपुलाकन्याय येथें उपयोगाचा नाहीं. भाताचें एक शीत दाबून पाहिलें म्हणजे भांडेंभर भाताची परीक्षा होते. मोटारीचें तसें नाहीं. रंग नवा असून बूड गंजलेलें असूं शकतें. म्हणून विश्वासाचा कारागीर बरोबर न्यावा, आणि न्यावा तोही भर दुपारीं. सोलापूरच्या वैशाखांत पारा चाळिसाच्या वर असतो. सकाळच्या गारव्यांत शहाण्यासारखी वागणारी गाडी दोन वाजतां पंखा आणि शीतयंत्र चालूं करून अर्धा तास रहदारींत उभी करावी, म्हणजे तिचा खरा स्वभाव कळतो. टायरच्या अंगावर चार आंकडे असतात. '२३२१' असें असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला असें समजावें. नक्षी शाबूत असली तरी फार जुनें रबर आपल्याकडच्या उन्हांत भरंवशाचें नसतें. चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्राशीं अक्षर-अक्षर ताडून पाहावा. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला म्हणजे नोंदणीची व विम्याची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेले दंड यांची माहिती मिळते. आपलें बाराव्या इयत्तेंतलें मूल ती दहा मिनिटांत काढून देईल. बँकेचा बोजा नोंदलेला असल्यास कर्ज फिटल्याचें पत्र आणि पस्तीस क्रमांकाचा नमुना घेऊन तो उतरविल्याशिवाय व्यवहार पुढें नेऊं नये. नोंदणी पंधरा वर्षांची असते, हेंही विसरूं नये. तेरा वर्षांची गाडी घेणारा दोन वर्षांनीं पुन्हां कचेरीच्या दारांत उभा असतो.

आतां विमा. विम्याचीं दोन अंगें आहेत, आणि त्यांतला भेद घरांतील प्रत्येक सुज्ञ माणसास ठाऊक असावा. पहिलें अंग तिऱ्हाइताच्या विम्याचें, ज्यास सारे 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपल्या गाडीनें दुसऱ्यास इजा झाली तर त्याची भरपाई यांतून होते. आपल्या देशांत हा विमा १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. तो नसतांना गाडी चालविल्यास पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याचे दर सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणें १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढें ७,८९७ रुपये, वर कर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. या विम्यांत मनुष्याच्या इजेस वा मृत्यूस रकमेची मर्यादा नाहीं. न्यायाधिकरण ठरवील तें विमा कंपनीस द्यावें लागतें. दोन-तीन हजारांत इतका मोठा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि नेमका हाच हप्ता माणसें चुकवितात!

दुसरें अंग आपल्याच गाडीच्या नुकसानीचें. हें ऐच्छिक आहे. यांत भरपाई होते ती आपण मोजलेल्या किंमतीची नव्हे. कारखान्याच्या विक्रीकिंमतींतून वयाप्रमाणें घट वजा करून जी 'विमित किंमत' ठरते तिची. सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत घट १५ टक्के, दुसऱ्या वर्षांत २०, तिसऱ्यांत ३०, चौथ्यांत ४०, पांचव्यांत ५०. आठ लाखांची गाडी तिसऱ्या वर्षांत चोरीस गेली तर हिशेब पांच लाख साठ हजारांचा. हप्ता कमी दिसावा म्हणून ही किंमत मुद्दाम खालीं लिहून देणारे दलाल असतात. त्यांपासून सावध असावें. मोडतोडींत रबर, प्लास्टिक व बॅटरी यांची निम्मीच रक्कम मिळते. नव्या गाडीस थोडा अधिक हप्ता देऊन ही घट माफ करून घेणें पहिलीं कांहीं वर्षें हिताचें. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेला महापूर आला, तेव्हां आणखी एक धडा पुष्कळांस मिळाला. पाण्यांत उभ्या असलेल्या गाडीचें इंजिन सुरू करूं नये. पाणी आंत ओढलें जाऊन इंजिन फुटल्यास, त्यासाठीं निराळें कलम घेतलेलें नसेल तर, विमा कंपनी बहुधा तें नुकसान नाकारते.

वर्षभर मागणी न केल्यास पुढच्या हप्त्यांत २० टक्के सूट मिळते. ती वाढत जाऊन पांच निष्कलंक वर्षांनंतर ५० टक्के होते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तर ती आपल्याबरोबर नव्या गाडीला नेतां येते. मात्र मुदत संपून नव्वद दिवस लोटले कीं सारी बुडाली. आणखी एक गोष्ट. कार्तिकी-आषाढीच्या दिवसांत ओळखीच्या चार यात्रेकरूंस पैसे घेऊन पंढरपूर-अक्कलकोट करवून आणण्याची कल्पना कोणा तरुणाच्या डोक्यांत येते. खासगी मोटारीचा विमा खासगी वापरापुरता असतो. भाडें घेतलें कीं करार मोडला, आणि त्याच फेरींत अपघात झाला तर कंपनी हात वर करण्यास मोकळी.

येथवर सारें पुस्तकी झालें. आतां आमच्या घरची हकीकत.

२०१९ सालच्या दिवाळीपूर्वीं माझ्या धाकट्या बंधूनें आपली अकरा वर्षांची मोटार विकावयास काढली. घेणारा आमच्याच पेठेंतला, मातोश्रींच्या ओळखीचा. पैसे रोख मिळाले. एकोणतीस आणि तीस क्रमांकाच्या नमुन्यांवर बंधूनें सह्या केल्या; तारीख घातली नाहीं. "दिवाळी झाली कीं कचेरींत जाऊन नांव लावून घेतों," असें तो गृहस्थ म्हणाला. बंधु मला विचारावयास आला, "दादा, नांव लागेपर्यंत गाडी थांबवूं का?" मी म्हणालों, "माणूस ओळखीचा आहे. उगीच अविश्वास कशाला दाखवितोस? दे." आयुष्यभर मुलांना षष्ठी विभक्ति शिकविली, ती स्वामित्व दाखविते असें सांगितलें, आणि गाडी 'कोणाची' हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला त्या दिवशीं मला तो ऐकूंच आला नाहीं.

दिवाळी गेली, पाडवा गेला, नांव लागलें नाहीं. त्या गृहस्थानें ती गाडी पुढें दुसऱ्यास विकली. विम्याची मुदत संपली, ती कोणी वाढविली नाहीं. २०२१ सालीं एका रात्रीं अक्कलकोट रस्त्यावर, यंत्रमागाची पाळी संपवून सायकलवरून घरीं निघालेल्या एका मजुरास त्या गाडीनें उडविलें. जीव वांचला, मांडीचें हाड मोडलें तें नीट बसलें नाहीं. कांहीं महिन्यांनीं मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली ती बंधूच्या नांवची. आम्ही वकिलांकडे गेलों, पैसे मिळाल्याची पावती दाखविली, सह्या केल्याचें सांगितलें. वकिलांनीं शांतपणें उत्तर दिलें, "कचेरीच्या वहींत ज्याचें नांव, तो मालक. सर्वोच्च न्यायालयानें नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं हें स्पष्ट केलें आहे." त्या खटल्यांतही गाडी एकामागून एक हातांत फिरली होती, आणि जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच आली होती.

मला त्या वेळीं कायद्याचा राग आला. पाप कोणाचें आणि ताप कोणाला, असें वाटलें. त्या रागांतच मी एकदां त्या मजुराच्या घरीं गेलों. कांहीं तडजोड होते का पाहावें असा हेतु. खोली एकच. तो भिंतीला टेकून बसलेला, कुबडी शेजारीं. बायको सुपांत तंबाखू घेऊन विड्या वळीत होती. मी सारी कथा सांगितली. गाडी आमची राहिली नव्हती, आम्ही केव्हांच विकली होती, वगैरे. तिनें हात न थांबवितां विचारलें, "गाडी कुणाकुणाची झाली ते आमी कुटं हुडकावं, गुरुजी? कागदावर नाव तर तुमचंच हाय न्हवं?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. जखमी माणसानें आपल्या भरपाईसाठीं या विक्रीमागून त्या विक्रीचा माग काढीत हिंडावें काय? न्यायालयानेंही हेंच कारण दिलें होतें. विडी वळणाऱ्या बाईला तें न वाचतां कळलें, आणि मला वाचूनही कळलें नव्हतें. आम्ही लोकअदालतींत रक्कम मान्य केली. पुतणीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मुदतीपूर्वीं मोडावी लागली. तिनें पुण्याचा प्रवेश एक वर्ष लांबणीवर टाकला. मी माझ्या निवृत्तिवेतनांतून वांटा उचलला, पण त्यानें तिचें वर्ष परत आलें नाहीं. बंधूनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. दिला असता तर कदाचित् मला हलकें वाटलें असतें.

म्हणून मोटार विकणाऱ्यांस माझें हात जोडून सांगणें आहे. विक्री झाल्याची सूचना, घेणारा त्याच राज्यांतला असल्यास, चौदा दिवसांच्या आंत परिवहन कचेरीस द्या, आणि तिची एक प्रत घेणाऱ्यासही पाठवा. घेणाऱ्यानें तीस दिवसांत नांव लावून घ्यावयाचें असतें. कोऱ्या तारखेच्या कागदावर सही करूं नका. घेणाऱ्याबरोबर स्वतः जा, आणि नोंदणीपत्रावर त्याचें नांव चढल्याचें डोळ्यांनीं पाहीपर्यंत किंमतीचा कांहीं भाग आणि गाडीची दुसरी किल्ली हातीं ठेवा. यांत अपमान कोणाचाच नाहीं. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास गाडी देत असाल तर तो परिवहन कचेरीकडून अधिकृत झालेला आहे का तें पाहा. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोंपविल्याची सूचना कचेरींत नोंदविली म्हणजे पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते.

आणि यावरूनच वहिनींच्या मुख्य प्रश्नाचें उत्तर निघतें. मोटार थोरल्या काकांच्या नांवें घ्यावी, तें शोभून दिसेल, असें दोघां भावांचें म्हणणें आहे. भावना स्तुत्य आहे. परंतु काकांपाशीं वाहन चालविण्याचा परवाना नाहीं. मालक-चालकासाठीं जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मोटार ज्याच्या नांवें आहे आणि परवाना ज्यापाशीं आहे अशा एकाच व्यक्तीला संरक्षण देतो. गाडी काकांच्या नांवें आणि सुकाणूं मधल्या भावाच्या हातीं, अशी स्थिति असल्यास तो विमा त्या भावाच्या उपयोगी पडत नाहीं. म्हणून जो नित्य चालवील त्याच्याच नांवें गाडी घ्यावी. बाकीचे चालवीत असतील तर त्यांच्या परवान्यांच्या मुदती पाहाव्यात आणि त्यांच्यासाठीं निराळा अपघात विमा घ्यावा. नोंदणीपत्रांत वारस नेमण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. ती अवश्य करावी. मालकाच्या पश्चात् तीस दिवसांत कचेरीस कळवावें लागतें आणि तीन महिन्यांत नांव बदलून घ्यावें लागतें. दुःखाच्या दिवसांत हें कोणास सुचत नाहीं, म्हणून आधींच वहींत लिहून ठेवावें.

नांव एकाचें झालें म्हणून मोटार त्या एकट्याची होत नाहीं, हें घरांत सर्वांनीं आणि विशेषतः ज्याचें नांव लागेल त्यानें समजून असावें. एक साधी वही घालावी. कोणी किती पैसे घातले, विमा केव्हां संपतो, धुराचा दाखला केव्हां संपतो, हें तींत लिहावें, आणि वही वहिनींच्या ताब्यांत द्यावी. तट पाडणाऱ्यांपेक्षां तट पडूं नयेत म्हणून काळजी करणाराच हिशेब चांगला ठेवतो.

राहिला मुहूर्त. दसऱ्याला गाडी दारांत यावयाची तर दसऱ्याच्या सकाळीं दुकानांत जाऊन चालणार नाहीं. क्रमांकाची पाटी लागल्याशिवाय विक्रेत्यानें नवी मोटार हवालीं करूं नये असा नियम आहे. म्हणून पैसे, नोंदणी आणि विमा हीं दोन आठवडे आधीं उरकावीं. सणाच्या गर्दींत गाडी नीट पाहूं देत नाहींत. तेव्हां आदल्या दिवशीं उजेडीं जाऊन तिच्या बनावटीचा महिना, रंग, टायर व क्रमांक तपासावे. मग दसऱ्याला तिच्यावर झेंडूची माळ घालावी, काकांना पुढें बसवावें आणि रूपाभवानीचें दर्शन घेऊन यावें. तत्पूर्वीं नोंदणीपत्रावरचें नांव मात्र चष्मा लावून एकदां मोठ्यानें वाचावें, सर्वांनीं ऐकावें, आणि मगच किल्ली फिरवावी.